वाऱ्याला वाट: परभणीत जुना कूलर खोलून बसवताना

परभणीत गुढीपाडवा झाला की दुकानांसमोर कूलरच्या गवताच्या जुड्या टांगलेल्या दिसायला लागतात. मार्च संपता संपता पारा चाळिशीकडे सरकतो. मे महिन्यात 43-44 अंश ही रोजची गोष्ट होते, आणि कृषी विद्यापीठात मोजलेला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून लोक एकमेकांना सांगत बसतात. अशा गावात घरात म्हातारं माणूस असेल तर कूलरला चैन म्हणता येत नाही. आमच्याकडे मामंजी आहेत, ऐंशी ओलांडलेले. दुपारी अकरापासून ऊन कलेपर्यंत ते त्यांच्या खोलीतच असतात. त्या खोलीत हवा खेळती राहिली पाहिजे, ह्या सगळ्या खटाटोपामागे माझं एवढंच मागणं होतं.

कूलर जुना, पत्र्याचा, 18 इंची पंख्याचा. तीन बाजूंना गवताच्या चौकटी, खाली टाकी. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो लावला तेव्हा आवाज भरपूर, पण वारा काही पलंगापर्यंत पोहोचेना. जाळीपाशी हात धरला तर वारा लागायचा, चार पावलं मागं सरलं की काही नाही. तासाभरात गारवा तर नाहीच, उलट सगळी खोली चिकचिकीत. चादर ओलसर, मामंजींच्या पाठीवर घाम. शेजारी म्हणाले, "कशाला त्या लोखंडाच्या मागं लागता? नवा घेऊन टाका प्लास्टिकचा." दुकानदाराचंही तेच म्हणणं. पण पत्रा शाबूत होता, मोटार फिरत होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, हवेची आर्द्रता मोजायची ओली-कोरडी तापमापी दर वर्षी मुलांना हाताळायला देते. म्हटलं, आधी हा पूर्ण खोलून बघू. हवा नेमकी कुठं अडते ते सापडलं तर नव्याची गरजच काय?

कूलर मुळात करतो काय, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एसीसारखा ह्याच्यात गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. बाहेरची तापलेली कोरडी हवा पंखा ओल्या गवतातून ओढतो. गवतावरचं पाणी उडतं, आणि उडायला लागणारी उष्णता ते त्या हवेतूनच काढून घेतं. एक लिटर पाणी उडायला सुमारे 2400 किलोजूल उष्णता लागते, थोडीथोडकी नव्हे. आता पाणी किती उडेल, ते हवा किती कोरडी आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे मेच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असते, कधी त्याच्याही खाली. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली तापमापी साधारण 24 दाखवते. त्याच्या खाली असा कुठलाच साधा कूलर जाऊ शकत नाही, मग तो कितीही महागाचा असो. पण गवत चांगलं आणि वारा मोकळा असेल तर 28च्या आसपास नक्की येतो. 42वरून 28, आणि तेही 200 वॅटच्या आसपास विजेत! दीड टनाचा एसी ह्याच्या सहा-सात पट वीज ओढतो. मुंबईत, कोकणात कूलर हात टेकतो, कारण तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली. ज्या कोरड्या उन्हाळ्याच्या नावानं आपण मराठवाड्यातली माणसं बोटं मोडतो, तोच इथं आपल्या उपयोगी पडतो.

मात्र ह्यात एक अट आहे. हवा सारखी बदलत राहिली पाहिजे. पाणी पिऊन जड झालेली हवा खोलीतच कोंडली तर दुसऱ्या फेरीला तिला आणखी पाणी घेता येत नाही. मग गारवा थांबतो आणि घाम सुरू होतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळी गल्ली चाचा म्हणते. त्यांना घरी बोलावलं. त्यांनी कूलर चालू केला, जाळीसमोर आपला रुमाल धरला, मग पलंगापाशी जाऊन धरला, आणि म्हणाले, "ताई, कूलर हवा फेकायलाय थोडी थोडी, पण खोली घ्यायला तयार नाही. दोन्हीकडं गडबड हाय. आधी कूलर बघू, मग खोली बघू." पुढचं सगळं काम आम्ही ह्याच क्रमानं केलं.

पहिल्यांदा वायर काढून ठेवली. नुसतं बटण बंद करून चालत नाही, पिन सॉकेटातून बाहेर. मग गवताच्या चौकटी उतरवल्या. त्यातली एक मी अंगणात उन्हाकडे तोंड करून उभी धरली आणि दुखणं डोळ्यांसमोरच आलं. वरच्या चार बोटांत गवतच नव्हतं. पाण्यानं भिजून भिजून ते खाली बसलं होतं आणि त्या फटीतून आभाळ दिसत होतं. मधला पट्टा इतका गच्च की त्यातून उजेडाचा ठिपकासुद्धा येत नव्हता. खालच्या अंगाला पांढरा थर, अंगठ्यानं दाबला तर पापडासारखा कडकन मोडला. त्याच्या मागं काळी माती, आणि कडुनिंबाचा वाळलेला फुलोरा. वाऱ्याला सोपी वाट लागते. वरच्या फटीतून तापलेली हवा न भिजता सरळ आत येत होती आणि जिथं गवत ओलं होतं तिथून तिला शिरताच येत नव्हतं. पंखा बिचारा जोर लावून आवाज करत होता.

तो पांढरा थर बोअरच्या पाण्याचा. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. कूलरला बोअरचंच. आपल्या काळ्या पाषाणातून येणारं हे पाणी जड असतं, त्यात चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. कूलरमधून उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागं टाकीतच राहतात. रोज वरून पाणी भरत गेलं की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं, तेच पंपानं गवतावर चढतं आणि वाळून दगड होतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणं ही त्यावरची सगळ्यात साधी तोड.

गवत फेकून दिलं, चौकटी आणि जाळ्या ठेवल्या. गवतावर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हाळीची भोकं बुजलेली होती. काही पूर्ण बंद, काहींतून पाण्याची नुसती लाळ गळायची. जिथं भोक बंद, तिथून खालपर्यंत गवताचा एक पट्टा कोरडा राहतो, आणि त्या पट्ट्यातून पुन्हा तापलेलीच हवा आत. खराट्याच्या काडीनं एकेक भोक मोकळं केलं. क्षार घट्ट बसला होता तिथं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून ओतलं आणि तासभर ठेवलं. बुडबुडे येतात, थर मऊ पडतो, मग ब्रशनं घासला की सुटतो. बाजारात संडास धुवायचं ॲसिड मिळतं, ते लोक सर्रास वापरतात. मी वापरू दिलं नाही. पत्र्याचा जस्ताचा मुलामा आणि ॲल्युमिनियमची पाती दोन्ही त्यानं खाल्ली जातात. पंपाच्या तोंडाशी असलेला स्पंज गाळानं भरला होता. तो धुतल्यावर पाणी वरपर्यंत जोरात चढायला लागलं.

ह्यानंतर पंखा. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथं पडला, आणि लोक सगळ्यात कमी लक्ष देतात तेही इथंच. पात्याच्या पुढच्या कडेवर धूळ आणि ओल मिळून एक खडबडीत कड तयार झाली होती, सगळ्या पात्यांवर सारखी नाही, कुठं जाड कुठं पातळ. त्यामुळं पंखा थरथरायचा, आणि मी ज्याला मोटारीचा आवाज समजत होते तो बराचसा ह्या थरथरीचा होता. पाती धुऊन पुसल्यावर चाचांनी खिशातून खडू काढला. पंख्याभोवतीच्या गोल रिंगवर हात टेकवून खडूचं टोक एका पात्याच्या टोकाला जेमतेम लागेल असं धरलं आणि दुसऱ्या हातानं पंखा हळू फिरवला. तीन पात्यांवर खडूची रेघ उमटली, चौथं पातं खडूला न शिवता निघून गेलं. "हे बघा, वाकलंय." दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी त्यांनी ते थोडं थोडं दाबत सरळ केलं. पुन्हा खडू, पुन्हा फिरवणं, चारही पात्यांवर सारखी रेघ येईपर्यंत. कसलंही महागाचं हत्यार नाही, फक्त खडू आणि नजर. चाळीस वर्षं ह्याच कामात असलेल्या माणसाचा हात असा चालताना बघायला मिळणं हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या शाळेतल्या पोरांना एकदा त्यांच्या दुकानात न्यायचं आहे.

पंख्याचं आणखी एक दुखणं निघालं. दांड्यावरचा स्क्रू ढिला होऊन पंखा मागं सरकला होता, पाती रिंगच्या अर्धी बाहेर. असं झालं की पात्याच्या टोकावरून हवा पुढं जायच्या ऐवजी बाजूनं गोल फिरून मागं येते. तीच तीच हवा घुसळली जाते. पंखा पुढं घेऊन रिंगच्या मधोमध बसवला, स्क्रू आवळला. रिंग आणि पाती ह्यांच्यात बोटभर फट राहिली. त्याहून जास्त फट असली तर वारा मागं गळतो आणि फारच कमी असली तर पातं घासतं.

मोटार हातानं फिरवली तर मोकळी फिरत होती, दांडा ज्यात फिरतो ते बुश घासलेले नव्हते. दोन्हीकडे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब. खोबरेल घालू नका, ते जमून चिकट होतं. पण चालू केल्यावर मोटार वेग घ्यायला वेळ लावत होती. चाचांनी कंडेन्सर, म्हणजे मोटारीला जोर देणारा छोटा भाग, मोजला, तो अर्धमेला झाला होता. अर्ध्या जिवाच्या कंडेन्सरवर मोटार फिरते, म्हणून लोकांना कळत नाही, पण वेग पडलेला असतो आणि वेग पडला की वारा त्याच प्रमाणात पडतो. जुन्यावर छापलेला आकडा बघून त्याच आकड्याचा नवा घातला. मोठा घातला की पंखा पळतो असं बरेच जण समजतात. तसं होत नाही, वाइंडिंग तापतं आणि उन्हाळ्याच्या मध्यावर जळतं. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हाही मोटार अशीच तापते. त्या वेळी वेग कमी असला तरी बटण वारंवार चालू-बंद करू नये.

गवत घ्यायला बाजारात गेले तेव्हा दुकानदाराची घाई एकच, "ताई, डबल भरा, डबल गार." चाचांनी आधीच बजावलं होतं की गवतात बोटं घातली तर सहज आत गेली पाहिजेत. दीड-दोन इंच जाडी, सगळीकडे सारखी, आणि कडांना कुठंही फट नको. दाबून भरलं की हवा अडते, विरळ भरलं की न भिजता निसटते. आपण ज्याला गवत म्हणतो ते बहुतेक वेळा लाकडाचे बारीक किस असतात. स्वस्त, पण एका हंगामापुरतं. वाळा महाग. वाळा म्हणजे एका गवताची मुळंच, पाणी पडलं की घरभर वास दरवळतो. मामंजी सांगतात की निजामाच्या राज्यात कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या टांगून त्यांवर माणूस पाणी मारत बसायचा. कूलरचं तत्त्व तेच, फक्त वारा यायची वाट बघावी लागायची. तिसरा प्रकार मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे कागदी पॅड. ते नीट जपले तर काही वर्षं टिकतात आणि हवा त्यांतून मोकळी जाते, पण बोअरच्या जड पाण्यात त्यांची छिद्रंही चुन्यानं भरतात आणि मग ते साफ करणं अवघड. शिवाय आमच्या जुन्या चौकटींत ते बसत नव्हते. मी दोन बाजूंना साधं गवत घेतलं आणि मामंजींसाठी मागच्या चौकटीत वाळा भरला. तेवढ्या वासानं ते खूश.

टाकीच्या तळाला गंज होता. खरवडून रेड ऑक्साइड मारला, त्यावर डांबरी रंग, एका कोपऱ्यातली गळती एम-सीलनं बुजवली. हे काम कंटाळवाणं आहे, दुसरं काही सांगण्यासारखं त्यात नाही. रंग पूर्ण वाळू द्या, एवढंच.

विजेचं मात्र सविस्तर सांगते, कारण ह्या बाबतीत मला अजिबात तडजोड चालत नाही. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी माणूस. दर उन्हाळ्यात मराठवाड्यात आणि विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यांत पाणी भरायला गेलेल्या बायका आणि जवळ खेळणारी लेकरं असतात. बातमी चार ओळींची येते आणि विसरली जाते. आमच्या त्या खोलीत सॉकेट तीन भोकांचं होतं, पण वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकाला मागं वायरच जोडलेली नव्हती. बाहेरून बघून हे कळत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं. अंगणात खड्डा, पट्टी, मीठ आणि कोळसा, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं, कारण कोरडी जमीन वीज नीट ओढून घेत नाही. मीटरशेजारी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. विजेची गळती झाली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. त्याच्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं. आणि अर्थिंग असो नसो, पाणी भरताना पिन काढलेली असलीच पाहिजे. आमच्या घरात हा नियम लहान मुलीपासून मामंजींपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. कुणाच्या घरात एवढा सगळा खर्च जमत नसेल तर रंग राहू द्या, वाळा राहू द्या, अर्थिंग आधी करा.

कूलर परत खिडकीला लावताना त्याची जागा बदलली. पूर्वी त्याची पाठ कंपाउंडच्या भिंतीला जवळपास टेकलेली असायची, म्हणजे मागच्या चौकटीतून हवा यायला जागाच नाही. तीनपैकी एक बाजू फुकट. स्टँड सरकवून मागं दीड फूट जागा सोडली. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट टाकीवर पडायचं, म्हणून वर तुराट्यांचा छोटा मांडव घातला, चौकटींना न चिकटणारा. टाकीतलं पाणी तापत नाही आणि गवतही लवकर कुजत नाही.

आता खोली. इथं आमच्या घरात खरी चर्चा झाली. आत्याबाईंचं म्हणणं सगळ्या गावाचं म्हणणं आहे, कूलर लावला की दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, नाहीतर गार हवा निघून जाते. एसीच्या बाबतीत ते बरोबर आहे. कूलर मात्र बाहेरची हवा आत आणतो, आणि जेवढी आत येते तेवढी बाहेर गेली नाही तर पुढची आत येणार कशी?

तोंडी वाद घालण्यापेक्षा मी उदबत्ती लावली. सगळं बंद करून कूलर चालू केला आणि उदबत्ती खोलीच्या मध्यावर धरली. धूर थोडा पुढं गेला, भिंतीपाशी वळला, आणि तिथंच घोटाळत राहिला. तीच उदबत्ती दाराखालच्या फटीशी नेली तर धूर सपकन बाहेर ओढला गेला. कोंडलेली हवा मिळेल त्या फटीतून निघायला बघत होती. मग पलंगाच्या पलीकडची खिडकी उघडली. धूर आता कूलरपासून निघून पलंगावरून सरळ त्या खिडकीकडे गेला. आत्याबाई पलंगावरच बसल्या होत्या, म्हणाल्या, "अगं बाई, आत्ता लागायलंय वारं." त्यानंतर आमच्या घरात खिडकी बंद करा असं कुणी म्हटलेलं नाही.

किती उघडायची आणि कुठली उघडायची, ह्याला मात्र थोडं करून बघावं लागतं. कूलरच्या जाळीएवढी तरी उघडी जागा समोरच्या बाजूला हवी, हा मला पटलेला अंदाज. कूलरच्या शेजारचीच खिडकी उघडली तर हवा पलंगाला वळसा घालून निसटते. माणूस जिथं बसतो-झोपतो ती जागा कूलर आणि उघड्या खिडकीच्या मध्ये यायला हवी, म्हणजे वारा त्याच्या अंगावरूनच जातो. स्वयंपाकघराच्या दारानं हवा काढून पाहिली, तर गॅसची ज्योत फडफडायला लागली, म्हणून तो मार्ग बंद. आणि खिडकीला डासांची जाळी असेल तर ती एकदा बोटानं पुसून बघा. आमच्या जाळीवर धुळीचा इतका थर होता की खिडकी उघडी असूनही अर्धी बंद असल्यासारखीच होती. जाळी काढून नळाखाली धुतली तेव्हा वारा एकदम मोकळा झाला.

तापमापीही लावून पाहिली. बाहेर सावलीत 42, जाळीच्या तोंडाशी 28, पलंगापाशी 30. दुरुस्तीच्या आधी पलंगापाशी 34 होतं, आणि वरून ती चिकचिक. मामंजींना आकड्यांशी घेणं नाही. दुपारी त्यांचा डोळा लागायला लागला, त्यातच मला सगळं मिळालं.

रोजच्या वापरात काही गोष्टी सवयीच्या झाल्या. आधी पंप चालू करायचा, गवत वरपासून खालपर्यंत भिजेस्तोवर दहाएक मिनिटं थांबायचं, मग पंखा. कोरड्या गवतातून पंखा चालवला तर पहिल्या झटक्याला धूळ आणि झळ दोन्ही आत येतात. पाणी गवतातून उडून खोलीत तुषार यायला लागले तर पंपाची तोटी थोडी आवळायची. गवत ओलं हवं, त्यातून धार वाहायला नको.

पाण्याचा हिशेब मराठवाड्यात टाळता येत नाही. कोरड्या दुपारी आमचा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. 2016 सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. माझी बहीण तेव्हा लातूरलाच होती. त्या उन्हाळ्यात तिनं कूलर माळ्यावरून खाली काढलाच नाही, ओल्या चादरी खिडकीला लावून दिवस काढले. हे ऐकल्यावर कूलरचं पाणी ओतून टाकताना हात आखडतो. आठवड्याला काढलेलं जड पाणी आम्ही झाडांना घालत नाही, क्षारांनी माती बिघडते. ते संडासात आणि अंगण धुवायला वापरतो. आणि टाकी निम्म्यावर आली की सारखं वरून भरत न बसता दुपारचा वापर संपवून, रात्री थंडावा पडल्यावर मोजकंच भरतो.

टाकी रिकामी करण्याला दुसरंही कारण आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अंडी टाकीच्या ओल्या कडेला चिकटून राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कड ब्रशनं घासून टाकी कोरडी करावी लागते. आरोग्य खात्याची माणसं आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा म्हणून दारोदार सांगत असतात, ते ह्यासाठीच. शाळेत मी मुलांना घरच्या कूलरची कड बघून यायला सांगते. एकीनं बाटलीत वळवळणाऱ्या अळ्या आणून दाखवल्या होत्या. तिच्या गल्लीतल्या सगळ्यांनी त्याच संध्याकाळी टाक्या घासल्या.

मृग लागला, हवेत ओल आली की कूलरचं काम बदलतं. बाहेर 36 अंश आणि आर्द्रता 60 टक्के झाली तर ओली तापमापीच 29 दाखवते, मग गारवा येणार कुठून. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा, आणि समोरची खिडकी आणखी उघडी. लोक अशा वेळी पाणी वाढवतात, त्यानं फक्त घाम वाढतो. पाऊस लागल्यावर कूलर उतरवून टाकी पुसली, गवत पूर्ण वाळवून काढून टाकलं, वाळ्याची चौकट उन्हात ठेवून कापडात बांधली. पंप साध्या पाण्यात चालवून धुतला, मोटारीवर जुनं धोतर गुंडाळलं, आणि कंडेन्सरची तारीख आतल्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवली.

यंदा पाडव्याच्या आधी हॉलमधला कूलर दुरुस्तीला घ्यायचा आहे. त्याचीही पाठ भिंतीला टेकलेली आहे, आणि समोरच्या बाजूला खिडकीच नाही, फक्त दार. दारावर झरोका पाडून त्याला झडप बसवायची असं सुताराशी बोलणं झालंय. उंचावर झरोका ठेवला तर छताखाली साठणारी गरम हवा आधी निघून जाईल, असा माझा हिशेब आहे. चाचा म्हणतात, "पाडा की ताई, पण आधी उदबत्ती लावून बघू." तेवढं बघून मग भिंतीला हात लावणार आहे.